गेम अडखळला म्हणून राउटरशी खेळू नका: या चुका टाळा

ऐन सामन्यात समोरचा खेळाडू जागीच थिजतो, दोन सेकंदांनी पडद्यावर आपणच मेल्याचे दिसते, आणि मग राउटरचे सेटिंगचे पान उघडून कुठेतरी वाचलेले-ऐकलेले बदल एकामागून एक करायला सुरुवात होते. डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलला जातो, फायरवॉल (बाहेरून येणारी नको ती माहिती अडवणारी भिंत) बंद केली जाते, दोन-चार पोर्ट (माहितीच्या ये-जा करण्याची क्रमांकित दारे) उघडले जातात आणि शेवटी कन्सोल डीएमझेडमध्ये, म्हणजे राउटरच्या आडोशाबाहेर, टाकला जातो. तासाभराने गेम होता तसाच अडखळत असतो, आणि आपण नेमके काय काय बदलले हेही आता आठवत नसते.

यातली मूळ चूक निदानाची आहे. ‘गेम नीट चालत नाही’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एकीत जोडणीच होत नाही: मित्राच्या लॉबीत शिरता येत नाही, व्हॉइस चॅट ऐकू येत नाही, मॅचमेकिंग फिरत राहते, कन्सोल ‘स्ट्रिक्ट नॅट’ असा शेरा देतो (नॅट म्हणजे घरातली सगळी यंत्रे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणारी राउटरची सोय). दुसरीत जोडणी होते, पण खेळ अडखळतो, हालचाल उशिरा उमटते, खेळाडू उड्या मारत सरकतात; यालाच लॅग म्हणतात. पहिल्या तक्रारीचे मूळ नॅट, पोर्ट आणि फायरवॉल यांत असते. दुसरीचे मूळ वायफायमध्ये, राउटरमध्ये साचणाऱ्या रांगेत किंवा सर्व्हरच्या अंतरात असते. पोर्ट उघडल्याने लॅग जात नाही आणि नवी केबल टाकल्याने स्ट्रिक्ट नॅट सुटत नाही, एवढे आधी लक्षात घेतले तरी निम्मी धावपळ वाचते.

वेग वाढवला की लॅग जाईल असे मानणे

प्रत्यक्ष खेळताना सर्व्हरकडे जाणारी-येणारी माहिती फार थोडी असते. बहुतेक गेमना सेकंदाला काहीशे किलोबिट पुरतात. महत्त्वाचा असतो तो पॅकेट (माहितीचे छोटे पुडके) जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, म्हणजे पिंग. त्या वेळातले चढउतार, म्हणजे जिटर. आणि वाटेत हरवणाऱ्या पॅकेटचे प्रमाण. व्हिडिओ पाहताना पुढच्या काही सेकंदांचा साठा आधीच उतरवून ठेवलेला असतो, त्यामुळे मधली गळती जाणवत नाही. गेमला असा साठा करता येत नाही, कारण प्रतिस्पर्ध्याची पुढची चाल अजून घडलेलीच नसते. म्हणून ‘व्हिडिओ तर मस्त चालतो’ हा लाइन निर्दोष असल्याचा पुरावा ठरत नाही.

अंतराचा हिशेबही एकदा करून पाहावा. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर ६,००० किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्यायेण्यातच किमान ६० मिलिसेकंद खर्च होतात, आणि केबल सरळ रेषेत टाकलेली नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून अधिक. अशा सर्व्हरशी पिंग ८० दिसत असेल तर राउटरचा काहीही दोष नाही. गेमच्या सेटिंगमध्ये जवळचा प्रदेश निवडणे एवढाच उपाय उरतो.

न मोजता सेटिंगला हात लावणे

संगणकावर कमांडची विंडो उघडून सर्वांत आधी राउटरच्या स्वतःच्या पत्त्याला सतत पिंग लावावे, म्हणजे छोटी पॅकेट पाठवून उत्तराचा वेळ मोजत राहावे; हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. संगणक केबलने जोडलेला असेल तर उत्तर एक मिलिसेकंदात किंवा त्याआधीच यायला हवे. वायफायवर ३, ४, ३, ८७, ५, १४० असे आकडे दिसू लागले, तर दोष घरातच आहे, आणि तो दूर होईपर्यंत इंटरनेट कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. राउटरपर्यंतचा रस्ता साफ असेल, तर ट्रेसरूट (सर्व्हरपर्यंतच्या वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड) चालवून घराबाहेरचा पहिला टप्पा कोणता हे शोधावे आणि त्यालाही तसेच पिंग लावून पाहावे.

ट्रेसरूट वाचताना मात्र एक गफलत सर्रास होते. मधल्या एखाद्या टप्प्यासमोर २०० चा आकडा किंवा नुसत्या चांदण्या (*) दिसल्या की ‘इथेच लाइन खराब आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. मोठे राउटर पिंगला उत्तर देण्याच्या कामाला सर्वांत खालचे स्थान देतात, काही तर उत्तरच देत नाहीत; म्हणून त्यापुढचे टप्पे आणि शेवटचा सर्व्हर वेळेत उत्तर देत असतील, तर मधला तो आकडा सोडून द्यावा. वाढलेला वेळ तिथून पुढे शेवटपर्यंत टिकत असेल, तरच तो दोष समजावा.

स्पीड टेस्टच्या आकड्यावर निश्चिंत होणे

वेगाच्या आकड्यात न दिसणारे लॅगचे सर्वांत दुर्लक्षित कारण इथे आहे, आणि ते डोळ्यांनी पाहता येते. घरात कोणी काही वापरत नसताना बाहेरच्या पत्त्याला पिंग लावून ठेवले, तर १८, १९, १८, १८ असे आकडे शांतपणे उतरत राहतात. अशा वेळी एखाद्या फोनमधील फोटोंचा क्लाउडवर बॅकअप सुरू होऊ द्यावा. त्याच विंडोत ६४, १९०, ३१०, ३३५ असे आकडे येऊ लागतात. बॅकअप थांबवला की दोन-तीन ओळींत पुन्हा १८. लाइन तीच, सर्व्हर तोच, पॅकेटही हरवलेले नाही. बदलले एवढेच की अपलोडचा रस्ता अरुंद आहे, त्यात मावत नसलेला माल राउटरने किंवा मोडेमने आपल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) रचून ठेवला आहे, आणि गेमचे इवलेसे पॅकेट त्या ढिगाच्या मागे रांगेत उभे आहे.

या प्रकाराला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाने २०१० च्या सुमारास या दुखण्याला हे नाव दिले. त्यावरचा इलाजही उपलब्ध आहे. एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळण्याची पद्धत २०१८ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी ८२९० म्हणून नोंदवली गेली, आणि केक ही तिची पुढची आवृत्ती अनेक राउटरमध्ये एसक्यूएम या नावाखाली मिळते. ही पद्धत प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवते, त्यामुळे मोठ्या अपलोडला आपल्याच रांगेत थांबावे लागते आणि गेमचे पॅकेट बाजूने निघून जाते.

इलाज चुकतो तो आकडे भरताना. क्यूओएस (कोणत्या माहितीला आधी वाट द्यायची हे ठरवणारे सेटिंग) किंवा एसक्यूएम चालू केले जाते, पण वेगाचा रकाना रिकामा सोडला जातो किंवा तिथे पॅकेजवर छापलेला आकडा टाकला जातो. मग रांग राउटरमध्ये न साचता पुढे मोडेममध्ये किंवा कंपनीच्या यंत्रणेत साचते, आणि तिथे आपल्या राउटरचे काही चालत नाही. योग्य रीत अशी: संगणक केबलने जोडून, गर्दीच्या वेळी, दोन-तीनदा वेग मोजावा आणि मिळालेल्या डाउनलोड व अपलोडच्या सुमारे ८५ ते ९० टक्के आकडे त्या रकान्यांत भरावेत. थोडा वेग हातचा सोडावा लागतो, पण अरुंद जागा आपल्या राउटरच्या ताब्यात येते. वायफायवर मोजलेला आकडा इथे वापरू नये, कारण तो लाइनचा नसून त्या खोलीतल्या हवेचा असतो. लाइन फार वेगवान आणि राउटर साधा असेल, तर हे सेटिंग चालू करताच एकूण वेग दणकन खाली येऊ शकतो. पॅकेट झपाट्याने पुढे ढकलणारी हार्डवेअरची सोय अशा वेळी बाजूला पडते आणि सगळे काम प्रोसेसरवर येते. राउटरमध्ये एसक्यूएमची सोयच नसेल, तर बॅकअपच्या आणि कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये अपलोडची मर्यादा घालणे हाच पर्याय राहतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा पुष्कळ उपयोगी पडतो.

वायफायचे चॅनल नशिबावर सोडणे

शक्य असेल तिथे केबल टाकावी. तिच्याशी बरोबरी करणारे वायफायचे कोणतेही सेटिंग नाही. ते जमत नसेल तर २.४ गिगाहर्ट्झवर राहू नये, कारण तिथे शेजाऱ्यांची वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन सगळेच दाटीवाटीने असतात. राहावेच लागले तर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडून रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ‘दोन्हीच्या मधले म्हणून ३ किंवा ४ रिकामे असेल’ हा हिशेब चुकीचा आहे. तिथे बसल्याने दोन्ही बाजूंचा त्रास होतो. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ हे चॅनल सहसा निर्धोक असतात. ५२ च्या पुढचे बरेच चॅनल रडारसाठीही वापरले जातात, आणि रडारची चाहूल लागताच राउटरला ते चॅनल सोडावेच लागते. खेळताना अचानक जोडणी तुटते आणि परत आल्यावर चॅनल बदललेले दिसते, त्यामागे हे कारण असू शकते. ठरावीक अंतराने पिंग उसळत असेल, तर राउटरऐवजी लॅपटॉपवर संशय घ्यावा: तो मधूनमधून आसपासच्या वायफायचा शोध घेत असतो.

दुहेरी नॅट न तपासता पोर्ट उघडणे

आता पहिल्या तक्रारीकडे, म्हणजे जोडणीच न होण्याकडे. याच चुकीपायी दोन संध्याकाळी मीही वाया घालवल्या आहेत. पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून एखाद्या पोर्टवर आलेली माहिती ठरावीक यंत्राकडे वळवण्याचे) नियम अक्षरशः बरोबर होते, तरी कन्सोलचा शेरा बदलेना. कारण इंटरनेट कंपनीने दिलेला डबाही राउटरचेच काम करत होता आणि मी त्यामागे दुसरा राउटर लावला होता. आतले दार सताड उघडे होते, बाहेरच्या दाराला कडी होती.

म्हणून आधी राउटरच्या स्टेटसच्या पानावर वॅन पत्ता (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) पाहावा. तो १९२.१६८, १० (१०० नव्हे) किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होत असेल, तर पुढे आणखी एक नॅट बसलेले आहे. उपाय दोन आहेत: कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकणे, म्हणजे त्याचे राउटरचे काम बंद करणे, किंवा आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देण्यासाठी, वापरणे. ब्रिज करण्यापूर्वी पीपीपीओईचे (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या विभागाचा) क्रमांक लिहून घ्यावा. ते हाताशी नसल्यामुळे रात्रभर इंटरनेटविना बसण्याची वेळ अनेकांवर येते.

वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर गोष्ट वेगळी आहे. हा पट्टा २०१२ मध्ये खास कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी राखून ठेवला गेला. म्हणजे अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे आहेत आणि बाहेरचे दार आपल्या हातात नाही. इथे घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग शून्य. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा आणि आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बंद केलेले असल्यास चालू करावे, कारण त्या मार्गावर नॅटची गरज पडत नाही आणि जे गेम त्याचा वापर करतात त्यांना तो खुला रस्ता मिळतो.

एकच नॅट आहे याची खात्री झाल्यावर आधी यूपीएनपी (यंत्रांना राउटरकडून आपोआप पोर्ट उघडून घेऊ देणारी सोय) चालू करून राउटर आणि कन्सोल दोन्ही रीस्टार्ट करावेत. बहुतेक घरांत एवढ्याने काम होते. यूपीएनपी आणि हाताने लिहिलेला नियम एकाच पोर्टसाठी एकत्र ठेवू नयेत, त्यात ओढाताण होते. हातानेच नियम लिहायचा असेल, तर आधी डीएचसीपीमध्ये (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या राउटरच्या सोयीत) त्या कन्सोलसाठी पत्ता राखून ठेवावा; नाहीतर आठवड्याभरात कन्सोलला नवा पत्ता मिळतो आणि नियम जुन्या, रिकाम्या पत्त्याकडे बोट दाखवत राहतो. एक्सबॉक्ससाठी यूडीपी (पॅकेट पाठवण्याची एक पद्धत) ३०७४ हा मुख्य पोर्ट असतो, पण एक पोर्ट एकाच यंत्राकडे वळवता येतो. घरात दोन एक्सबॉक्स असतील तर दुसऱ्यावर नेटवर्कच्या प्रगत सेटिंगमधून पर्यायी पोर्ट निवडावा. प्लेस्टेशनवर ‘टाइप २’ दिसत असेल तर काहीही करू नये. राउटरमागे बसलेल्या यंत्राला तोच शेरा मिळणे अपेक्षित असते, आणि ‘टाइप १’ च्या मागे लागणे हा निव्वळ हट्ट आहे.

वैतागून सगळेच उघडे टाकणे

डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारी, इतर कुठेच न जाणारी प्रत्येक हाक एका यंत्राकडे पाठवणे. कन्सोल तिथे ठेवणे एकवेळ समजता येईल. संगणक तिथे ठेवणे म्हणजे त्याच्यावर चालणारी प्रत्येक सेवा जगापुढे मांडणे. राउटरची फायरवॉल बंद केल्यानेही पिंग कमी होत नाही. यूपीएनपी चालू ठेवल्यास त्याची यादी अधूनमधून पाहावी, कारण घरातले कोणतेही यंत्र तुम्हाला न विचारता त्यातून पोर्ट उघडू शकते.

डीएनएस बदलून लॅग जात नाही. नावाचा पत्ता एकदा सापडला की खेळ चालू असताना त्याचा संबंध राहत नाही. एमटीयूला (एका पॅकेटच्या कमाल आकाराला) सहसा हात लावू नये. पीपीपीओई असल्यास तो १,५०० ऐवजी १,४९२ असतो, कारण ८ बाइट त्या वेष्टनातच जातात, आणि राउटर हे स्वतःच ओळखतो.

कोणताही बदल करण्यापूर्वी राउटरच्या सेटिंगचा बॅकअप फाइलमध्ये उतरवून घ्यावा, एका वेळी एकच बदल करावा आणि तो केल्यावर तेच पिंग पुन्हा मोजावे. घरातला रस्ता साफ, रांगही आटोक्यात, तरी रोज रात्री ठरावीक वेळी घराबाहेरच्या पहिल्याच टप्प्यापासून पिंग चढत असेल, तर दोष कंपनीच्या जाळ्यात असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी ‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार नोंदवू नये. केबलने जोडलेल्या संगणकावरून सकाळी आणि रात्री घेतलेले त्या टप्प्याचे आकडे, तारीख आणि वेळेसह पाठवावेत, आणि राउटर रीस्टार्ट करायला सांगितले गेले तर तो केल्यानंतरचे आकडेही त्याखाली जोडावेत.