आइस फिशिंगच्या तंबूतला हीटर सारखा विझायचा, तो असा सुधारला

अमेरिकेतल्या मिनेसोटात मिल लॅक्स या गोठलेल्या तलावावर बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेलो होतो, बाहेर उणे 20 सेल्सियस आणि तंबूतल्या प्रोपेन हीटरचा पायलट (हीटर पेटवणारी छोटी ज्योत) बटण सोडलं की लगेच बंद. सोबतचे म्हणाले गॅस गोठला असणार, पण प्रोपेन उणे 42 ला उकळतो, म्हणजे त्या थंडीतही त्याची वाफ होतेच, फक्त प्रेशर खूप कमी होतं आणि 1 पौंडाचा छोटा सिलिंडर चालता चालता स्वतःच अजून गार होत जातो. दुसरा सिलिंडर लावून पाहिला तरी तेच.

मग घरी आल्यावर नीट वाकून ज्योत बघितली तर ती पिवळी, मरगळलेली, थर्मोकपलच्या (ज्योतीच्या उष्णतेवर थोडी वीज तयार करणारा भाग) टोकाला धड लागतच नव्हती, आणि ते टोक तापलं नाही तर व्हॉल्व उघडा धरायला वीजच तयार होत नाही. हीटर गार झाल्यावर सिलिंडर काढला, पायलटच्या हवेच्या भोकात कोळ्याचं जाळं आणि धूळ होती, कॉम्प्रेस्ड एअर मारली, थर्मोकपलचं टोक बारीक पॉलिश पेपरने हलकंसं घासलं. जेटमध्ये (गॅस बाहेर येतो ते बारीक भोक) सुई अजिबात घालू नका, भोक मोठं होतं. नंतर जॉइंटला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना बघितलं, ज्योत आता छान निळी येते.

काहीजण हवेतला ऑक्सिजन कमी झाला की हीटर बंद करणारा ऑक्सिजन सेन्सरच बायपास करतात, प्लीज तसं करू नका!! बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड कळतही नाही, व्हेंट उघडा आणि अलार्म जवळ ठेवाच.