वेडेलिया, घाणेरी, आइस्क्रीम वेल: भाद्रपदातल्या उघडिपीत बाग कशी मोकळी करावी

गणपतीच्या आसपास पाऊस उघडीप देतो तेव्हा माती ओली आणि भुसभुशीत असते. शोभेची म्हणून आणलेली, पण आता आवरेनाशी झालेली झाडंही नेमकी याच दिवसांत फुलावर असतात. त्यांना मुळासकट काढायला वर्षातली हीच वेळ सर्वांत चांगली. नोव्हेंबरात जांभ्याची जमीन अशी आवळते की पहारसुद्धा आत शिरत नाही आणि तोवर बी पडून गेलेलं असतं.

कोयता घेऊन सपासप छाटलं की दोन दिवस बाग स्वच्छ दिसते, पण ही झाडं छाटल्यानं मरत नाहीत, उलट जोमानं फुटतात. प्रत्येकाचा जीव वेगळ्या जागी असतो. कुणाचा पेरात, कुणाचा बुंध्याच्या गाठीत, कुणाचा जमिनीतल्या कंदात, तर कुणाचा फक्त बियांत. ती जागा आधी ओळखा आणि तिथंच घाव घाला.

सर्वांत चिवट म्हणजे वेडेलिया, म्हणजेच सिंगापूर डेझी. शेतघराच्या आवारात, पर्यटन केंद्रांच्या वाटांवर, सोसायटीच्या उतारांवर ‘पाणी नको, खत नको, पिवळी फुलं बारमाही’ म्हणून ती लावली जाते. मूळची मध्य अमेरिकेकडची ही वनस्पती जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. एक वेल उचलून हातात धरा. प्रत्येक पेरापाशी बारीक पांढरट टोकं दिसतील. ती येऊ घातलेली मुळं. असं एक पेर ओल्या मातीला टेकलं की काही दिवसांत स्वतंत्र रोप तयार होतं. म्हणून भर पावसात वेडेलियावर ग्रासकटर फिरवणं म्हणजे तिची लागवड करणं. तुकडे उडतात, पाटाच्या पाण्यातून वाहतात आणि खालच्या वाफ्यात जाऊन रुजतात.

ती काढताना कडेकडून आत या. मधून सुरुवात केली की पायांखाली तुकडे सगळीकडे पसरतात. वेल हातानं उचलून जाजम गुंडाळावं तशी गुंडाळत न्या आणि खुरप्यानं खालची मुळं मोकळी करा. निघालेला माल जागच्या जागी गोणीत भरा. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून खुरपं फिरवा, पहिल्या तीन-चार फेऱ्यांत नवे फुटवे हटकून सापडतील. जागा मोठी असेल तर आता फक्त कडा रोखून धरा आणि मुख्य काम एप्रिल-मेसाठी ठेवा. तेव्हा वेल खरवडून काढायची, जमिनीला भरपूर पाणी द्यायचं आणि पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीनं घट्ट दाबायच्या. चार ते सहा आठवडे कडक उन्हात ते तसंच राहू द्या. खालची माती इतकी तापते की उरलेली पेरं आणि वरच्या थरातलं बरंच बी मरतं. झाडाच्या सावलीत मात्र हा उपाय चालत नाही. तिथं हाताला पर्याय नाही.

घाणेरी, म्हणजे टणटणी, आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती इथलीच वाटते. प्रत्यक्षात ती अमेरिकेतून आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात लावली गेली आणि तिथून जंगलं, गायरानं, बांध तिनं व्यापले. तिची पिकलेली काळी-जांभळी फळं बुलबुल खातात आणि जिथं बसतात तिथं बी टाकतात. आंब्याखाली, विजेच्या तारांखाली, कुंपणाच्या खांबांपाशी तिची रोपं दाट का उगवतात, याचं कारण हेच.

घाणेरी जमिनीलगत तोडली की एका खोडाची दहा खोडं होतात. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधी, बिनरासायनिक पद्धत घालून दिली, आणि माझ्या मते बांधावरच्या घाणेरीला तीच सर्वांत योग्य. आधी आडव्या फांद्या तोडून बुंध्यापर्यंत जायला वाट करा. बुंध्याभोवतीची माती हातानं बाजूला सारा. खोड आणि सोटमूळ जिथं जुळतात तिथं एक फुगीर, गाठाळ भाग दिसतो. नवे फुटवे येतात ते या भागातून. त्याच्या खाली, जमिनीत साधारण 3 ते 5 सेंटिमीटरवर, टिकावानं किंवा कुदळीनं मुख्य मूळ तोडा. मग सगळं झुडूप मुळं वर करून उलटं ठेवा. मुळं मातीला टेकली नाहीत तर ते आठवडाभरात सुकायला लागतं. पुढची दोन वर्षं पावसाळ्यात उगवणारी छोटी रोपं उपटत राहा. हे केलं नाही तर आधीची मेहनत वाया जाते. जाळू मात्र नका. आगीनं वरचा भाग जळतो, गाठ जिवंत राहते आणि मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरीच पुन्हा आधी उठते.

तोडलेल्या फांद्या गुरांच्या वाटेवर टाकू नका. हिरवा चारा कमी असला की जनावर पाला खातं. त्यातल्या विषानं यकृतावर परिणाम होतो, कावीळ होते आणि ऊन सोसवेनासं होतं. पांढऱ्या कातडीवर, नाकपुडीवर भाजल्यासारखे चट्टे दिसले तर जनावर ताबडतोब सावलीत बांधा आणि पशुवैद्यकाला बोलवा. घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

गुलाबी झुपक्यांची आइस्क्रीम वेल मंडपावर देखणी दिसते, मधमाश्याही तिच्यावर खूप येतात, त्यामुळे काढताना हात अडखळतो. पण ती आंब्यावर किंवा चिकूवर चढली की पालवी झाकून टाकते. तिचा जीव जमिनीतल्या कंदात असतो. कंद पहारीनं खणून काढावे लागतात आणि राहिलेला तुकडा पुन्हा फुटतो. कंद भिंतीच्या पायात किंवा कलमाच्या मुळांत अडकला असेल तर प्रत्येक नवा फुटवा बोटभर असतानाच खुडा. पानं मिळाली नाहीत की कंद झिजत जातो. याला वर्ष लागतं, मधे महिनाभर खंड पडला तर कंद पुन्हा पोसतो. सुपारीवर चढलेलं सिंगोनियम, हीही शोभेची वेलच, बुंध्याशी कापून भागत नाही, कारण वरचा भाग खोडाला धरलेल्या मुळांवर जगतो. ते वरपर्यंत सोलून काढा, आणि हातमोजे घाला, चिकानं खाज सुटते.

पिवळ्या-केशरी कॉसमॉसचं काम त्या मानानं हलकं आहे. ते एका हंगामाचं झाड, फक्त बियांवर पसरतं. फुलं असतानाच उपटलं, बी काळं होण्याआधी, तर पुढच्या वर्षी जोर निम्मा होतो. पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला ते आपल्या सोनकीची, म्हणजे इथल्या पिवळ्या रानफुलाची, जागा खातं आहे. लोक कौतुकानं त्याचं बी आणून घराशी टाकतात, ते कृपया थांबवा. शेततळ्यात जलपर्णी असेल तर एकही रोप शिल्लक ठेवू नका. तिचं बी गाळात 15 वर्षांहून जास्त काळ जिवंत राहू शकतं.

काढलेला माल ओढ्यात, पऱ्ह्यात किंवा रस्त्याकडेला फेकायचा नाही. बहुतेक नवी लागण तिथूनच सुरू होते. शेणखताच्या खड्ड्यातही ओली पेरं आणि कंद नकोत. कातळावर, पत्र्यावर किंवा सिमेंटच्या खळ्यावर पसरून कडकडीत वाळवा. काडी मोडल्यावर कट्कन आवाज आला की मग आच्छादनाला किंवा खताला वापरा. बी धरलेली बोंडं मात्र वेगळी काढून काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा.

तणनाशकाबद्दल बरेच जण विचारतात. केंद्र सरकारनं 2022 मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर निर्बंध आणले आणि तो फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करावा अशी अधिसूचना काढली. त्यामुळे दुकानातून आणून स्वतः फवारणं योग्य नाही. परसबागेत, विहिरीजवळ, आंबा-काजूच्या कोवळ्या कलमांपाशी तर मुळीच नको. वाऱ्यानं उडालेला फवारा कलमाच्या हिरव्या सालीवर पडला तर नुकसान त्याचं होतं.

मोकळी झालेली जमीन उघडी ठेवू नका, नाहीतर पहिली येणारी रोपं त्याच झाडांची असतात. ओल आहे तोवर कुळीथ किंवा चवळी फेकून घ्या. उतारावर वाळा किंवा गवती चहा माती धरतो. कुंपणाला निरगुडी, अडुळसा, करवंद लावा. गुरं निरगुडी आणि अडुळशाला तोंड लावत नाहीत, आणि करवंदाला काटे असतात. बांधापलीकडे शेजाऱ्याच्या हद्दीत वेडेलिया असेल तर कामाला लागण्याआधी त्यांच्याशी बोलून दोन्हीकडची सफाई एकाच आठवड्यात उरका, आणि हद्दीवर हातभर रुंद पट्टा खुरपून कोरा ठेवा, म्हणजे पलीकडून आलेलं टोक लगेच नजरेला पडेल.