टाचण्यांना मशीनवरच जागा केली

परकराचा घेर जोडायचा म्हणजे टाचण्या भरपूर लागतात. टीप मारत पुढे गेलं की काढलेली टाचणी ठेवायची कुठे? मशीनच्या फळीवर ठेवली तर कापडाबरोबर ओढली जाऊन खाली पडते. घरात रांगतं बाळ असल्यामुळे हे मला अजिबात चालणार नव्हतं.

बिघडलेल्या स्पीकरमधलं गोल लोहचुंबक काढलं, ते एका पातळ स्टीलच्या झाकणाच्या खालच्या बाजूला चिकटवलं आणि झाकण दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने फळीच्या उजव्या कडेला बसवलं. आता टाचणी काढून नुसती तिकडे टाकायची, ती आपणच चिकटते. मात्र टाचण्या पोलादीच घ्या, निव्वळ पितळेच्या चिकटत नाहीत. माझं मशीन पायाचं आहे. कॉम्प्युटराइज्ड मशीन असेल तर चुंबक लांबच ठेवलेलं बरं, त्यापेक्षा मनगटावर बांधायची उशी उत्तम.

टाचण्या मी शिवणीला आडव्या, डोकं उजवीकडे ठेवून लावते. सुईजवळच्या कापड दाबणाऱ्या पायाखाली (प्रेसर फूट) जाण्याआधीच खेचून काढते, कारण सुई टाचणीवर आपटली तर तुटून तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. काम संपलं की दुसरं चुंबक दोरीला बांधून जमिनीवरून फिरवते, फटींतून हमखास एखादी निघते.

पावसाळ्यात रात्री सगळ्या टाचण्या घट्ट झाकणाच्या डबीत, सोबत बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी. गंजलेल्या टाचणीचा डाग पांढऱ्या कापडावरून सहजी जात नाही.