रोपं पिवळी पडत होती, त्याचं कारण वीतभर खाली सापडलं

कोपऱ्यातल्या वाफ्यातली रोपं पिवळी पडत होती. खत घालूनही फरक पडेना, म्हणून हातभर खोल खणून पाहिलं. वर माती तपकिरी, पण वीतभर खाली राखाडी-निळसर, मधूनमधून तांबूस ठिपके आणि कुजकट वास. पाणी साचत असल्याची ही खूण. हवा खेळती असली की मातीतलं लोह गंजून तांबूस-पिवळा रंग येतो. हवा कोंडली की तो उतरतो. (काळी माती म्हणजे सेंद्रिय घटक भरपूर, असं मात्र दरवेळी नसतं, काळेपणा खनिजांमुळेही येतो.)

मग पोत पाहिला. ओल्या मातीचा गोळा अंगठा आणि तर्जनीत दाबत पट्टी काढली. वाळू जास्त असती तर लगेच तुटली असती. ही ५ सेंटिमीटरहून लांब, गुळगुळीत निघाली. अस्सल चिकणमाती!

वाळू मिसळायचा सल्ला मिळाला, तो टाळला. थोड्याशा वाळूनं चिकणमाती आणखी घट्ट बसते. त्याऐवजी उताराकडे चर खणला, वाफा उंच केला, कुजलेलं कंपोस्ट सढळ हातानं मिसळलं आणि ओल्या मातीवर पाय देणं बंद केलं. नवी पानं हिरवी आली. खालचा थर अजून राखाडीच आहे, त्यामुळे तिथं खोल मुळांचं काही लावत नाही.