लम्पीत जनावर वाचवायचंय? मग या चुका टाळा

पावसाळा सरत आला की आमच्याकडच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी एकच प्रश्न फिरतो, "अंगावर गाठी आल्यात, कोणतं इंजेक्शन मारायचं?" रांगेतला कुणी ना कुणी नाव सांगतोच. औषधाच्या दुकानातून बाटली येते आणि संध्याकाळपर्यंत तीच सुई गोठ्यातल्या चार जनावरांतून फिरलेली असते. लम्पीनं गेलेली गुरं मी पाहिली आहेत. लम्पीच्या नावानं केलेल्या घाईनं गेलेलीही पाहिली आहेत, त्यातलं एक आमच्याच दावणीचं.

मुळात तो प्रश्नच चुकीचा आहे. लम्पी हा गुरांना विषाणूमुळे होणारा आजार आहे, आणि तो विषाणू शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूचा भाऊबंद. १९२९ मध्ये झांबियात तो पहिल्यांदा नोंदला गेला, भारतात २०१९ मध्ये ओडिशात दिसला. २०२२ मध्ये त्यानं गुजरात आणि राजस्थानात हाहाकार केला, ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात पेटला आणि त्या एका वर्षात देशभरात दीड लाखाहून जास्त गुरं गेली. या विषाणूला मारणारं इंजेक्शन नाही. ताप उतरवायचा, जखमा सांभाळायच्या, जनावर खातं-पितं ठेवायचं, बाकी लढाई त्याच्या अंगातली ताकद लढते. शंभर आजारी जनावरांत साधारण एक ते पाच दगावतात, वासरांत मात्र जास्त. म्हणजे बहुतेक जनावरं वाचायला हवीत. वाचत नाहीत तेव्हा आपण मधे काय केलं, हे बघावं लागतं.

गाठींची वाट बघणं

गाठ ही आजाराची दुसरी पायरी. पहिली पायरी ताप. गाय सकाळी आंबोण अर्धं टाकते, डोळ्यांतून-नाकातून पाणी येतं, दूध एकदम निम्म्यावर येतं. खांद्याच्या पुढे हात लावला तर कातडीखाली लिंबाएवढी गाठ लागते. ती लम्पीची गाठ नव्हे, सुजलेली लसिकाग्रंथी. साधारण दोन दिवसांत मान, पाठ, कासेवर खऱ्या गाठी उठतात, दोन ते पाच सेंटीमीटरच्या, कडक, कडा स्पष्ट. पुष्कळांच्या पायांवर आणि गळ्याखालच्या पोळीला सूज उतरते. ते दोन दिवस आपण "हवा लागली असेल" म्हणत घालवतो, आणि तोवर ती गाय बाकीच्यांच्या शेजारीच बांधलेली असते.

शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर गोठ्यात टांगून ठेवा. धड जनावराचा ताप १०१ ते १०२ फॅरेनहाइटच्या आसपास असतो, लम्पीत तो १०५-१०६ पर्यंत जातो. गावात साथ असेल तर रोज धारेच्या वेळी मोजायला दोन मिनिटं लागतात.

उलटी चूकही होते. प्रत्येक फुगवटा लम्पी नसतो. नवा चारा, एखादी लस किंवा किडा चावल्यानं अंगावर गांधी उठतात. त्या काही तासांत येतात, पसरट आणि मऊ असतात, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बसतात. लम्पीची गाठ कातडीच्या पूर्ण जाडीत रुतलेली असते, बसत नाही, पुढे मधोमध काळी पडून खपली धरते. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा. फोटो पाठवायचा असेल तर उजेडात, केस पाण्यानं चापून काढा. केसाळ जनावराच्या फोटोत काही म्हणजे काही दिसत नाही.

एकच सुई

या एका चुकीवर मी जास्त वेळ घेणार आहे.

लम्पी पसरवतात त्या गोठ्यातल्या चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड. माशी काय करते? एका जनावराला सोंड खुपसते, ते झटकतं, ती उडून शेजारच्याला तीच सोंड खुपसते. इंजेक्शनची सुई दुसरं काय करते? फरक इतकाच की सुई माशीपेक्षा जाड असते आणि शेपटीनं हाकलता येत नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात आमच्याकडे एका गाईला ताप होता. आलेल्या माणसानं तिला इंजेक्शन दिलं आणि "बाकीच्यांनाही ताकदीचं टोचून जातो, उद्या दगदग नको" म्हणत त्याच सुईनं आणखी पाच जनावरं उरकली. मी बादली धरून उभा होतो, मला काही सुचलं नाही. आठ-दहा दिवसांनी त्या पाचांतल्या तिघींना एकाच वेळी ताप चढला. माशीनं आणलेला आजार सहसा असा एका दिवशी हजेरी लावत नाही, मागेपुढे येतो. सिद्ध करता येणार नाही, पण मी त्या तीन गायी सुईच्या खात्यात लिहितो.

तेव्हापासून नियम सोपा आहे: जनावर बदललं की सुई बदलली. डिस्पोजेबल सुया डबाभर आपणच आणून ठेवायच्या आणि येणाऱ्याच्या हातात द्यायच्या. कुणाला राग येत नाही, आला तर येऊ द्या. सलाईनची नळी आणि कान टोचायचं यंत्र यांनाही हेच लागू. आणि माणसांचा क्रम: धड जनावरांची धार आधी, आजाऱ्याची शेवटी, मग हात-पाय धुऊन कपडे बदलायचे.

लस, पण उशिरा

शेजारच्या गोठ्यात गाठी दिसल्या की लशीसाठी धावाधाव सुरू होते. लस टोचल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला बऱ्याचदा चार ते चौदा दिवस. आता गणित मांडा. आजार अंगात भिनलेला असताना लस टोचली, पाचव्या दिवशी गाठी आल्या, आणि गावभर झालं की लशीनंच लम्पी झाला. मग पुढच्या वर्षी निम्मी आळी लस घेत नाही.

आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर दिली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस. तिच्यातल्या विषाणूनं गाईला लम्पी होत नाही, नात्यातला असल्यानं संरक्षण तेवढं मिळतं. हिसार आणि इज्जतनगरच्या संशोधन संस्थांनी बनवलेली लम्पी-प्रोव्हॅक ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. लशीनंतर एक-दोन दिवस कणकण, थोडं दूध कमी, टोचल्या जागी सूज, हे चालतं. गाभण गाईला लस नको म्हणून बरेच जण अडतात. त्याबद्दल डॉक्टरांशी बोला, पण हेही ध्यानात घ्या की लम्पी झाला तर त्या तापात गाय गाभडू शकते, म्हणजे गर्भ पडू शकतो.

लस जिवंत विषाणूची असते. ती थंडच लागते, २ ते ८ अंशांत. पाणी घालून तयार केलेली बाटली उन्हात दुचाकीच्या डिकीत तासभर फिरली की आत फक्त पाणी उरतं असं समजा. आजारी, तापातल्या जनावराला लस टोचू नये. दरवर्षी, पावसाळ्याच्या तोंडाशी, गाव शांत असताना घ्यावी. शांत असताना कुणी रांगेत उभं राहत नाही, हेच दुखणं.

तापाचं इंजेक्शन

ताप उतरवायला वेदनाशामक लागतं, ते खरं. कोणतं, हे मात्र डॉक्टरांना ठरवू द्या. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. भारतातली गिधाडं ९५ टक्क्यांहून जास्त संपली ती याच औषधानं. २०२३ मध्ये जनावरांसाठीचं केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक बंद झालं, डिसेंबर २०२४ मध्ये निमेसुलाइड. तरी माणसांच्या दुकानातून आणलेली बाटली गोठ्यात रिकामी होतेच. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे आणि तापालाही चालतं. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावच्या लोकांनी गिधाडांची घरटी जपली आहेत. आपण निदान बाटलीवरचं नाव तरी वाचावं.

प्रतिजैविकांचंही तसंच. विषाणूवर त्यांचा काही उपयोग नाही. फुटलेल्या गाठीत पू झाला, न्यूमोनिया धरला, तर डॉक्टर देतात आणि तेव्हा पूर्ण दिवस द्यावं लागतं. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. त्या दिवसांतलं आणि डॉक्टर सांगतील तितक्या पुढच्या दिवसांतलं दूध डेअरीला घालायचं नाही.

जबरदस्तीनं पाजणं

आमची कालवड यात गेली. गाठी वाळायला लागल्या होत्या, ताप उतरला होता, फक्त खात नव्हती. घरातल्या जाणत्या माणसानं काढा केला, दोघांनी मान वर ओढली, एकानं जीभ बाहेर धरली आणि बाटली घशात ओतली. ती खोकली. आम्हाला वाटलं, गेला पोटात. तिसऱ्या दिवशी श्वास धाप लागल्यासारखा, नाकातून घाण वासाचं पाणी. काढा फुफ्फुसात गेला होता. लम्पीत तोंडात आणि घशातही फोड येतात, गिळणं आधीच अवघड झालेलं असतं, त्यात जीभ ओढून धरली की गिळताच येत नाही.

विड्याची पानं, मिरी, मीठ वाटून गुळातून देण्याचा उपाय राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानंही सांगितला आहे. माझी त्याला हरकत नाही. पण ते चाटण आहे, जिभेवर थोडं थोडं लावायचं, ओतायचं नाही. पाजायचंच झालं तर मान जमिनीला समांतर, जीभ मोकळी, गालाच्या कडेनं घोट घोट, खोकली की लगेच थांबायचं. त्यापेक्षा कोवळा हिरवा चारा, भिजवलेला भरडा, गुळाचं पाणी तोंडापुढे दिवसातून सहा वेळा ठेवा. कडबा आता नको, तोंड सोललेलं असतं.

माश्यांबद्दल थोडक्यात. पिकावर मारायचं कीटकनाशक जनावरावर मारू नका. विषबाधा होऊन जनावर थरथरत पडलेलं पाहिलं आहे. गोचिडाचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच, आणि फुटलेल्या जखमांवर तर नाहीच. गोमूत्राचं डबकं, दारातला उकिरडा, गव्हाणीखालची ओल तशीच ठेवून फवारणी करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. जमीन निर्जंतुक करतानाही आधी शेण खरवडून काढा, मग २-३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट. शेणावर ओतलेलं औषध शेणातच संपतं. पडलेल्या खपल्या गोळा करून जाळा, त्यात विषाणू महिनाभरही टिकतो.

लपवणं, विकणं, पोळ्याला नेणं

"नोंद झाली तर दूध बंद करतील" या भीतीनं माणसं गप्प बसतात. २००९ च्या केंद्रीय कायद्यानं असा आजार कळवणं मालकावर बंधनकारक आहे. कायदा सोडा, व्यवहार बघा. २०२२ मध्ये राज्यानं लम्पीनं गेलेल्या दुभत्या गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० दिले. ज्यांनी कळवलंच नव्हतं, गुपचूप ओढ्याकाठी टाकून आले, ते पंचनाम्याशिवाय हात चोळत बसले. कानातला बारा आकडी बिल्लाही याच कारणासाठी लागतो. १९६२ वर फोन केला की सरकारी पशुवैद्यकीय सेवेशी जोडून मिळतं.

मेलेलं जनावर गावाबाहेर, पाण्यापासून लांब, आठ फूट खोल खड्ड्यात चुन्यासकट पुरायचं. आजारी जनावर स्वस्तात बाजाराला नेणारा माणूस स्वतःचे चार पैसे वाचवतो आणि वाटेतली दहा गावं पेटवतो. पोळ्याचंही मन घट्ट करून बघावं लागतं. साथीत मिरवणुकीची जागा म्हणजे सगळ्या गावचे बैल एकमेकांना खेटून उभे. २०२३ मध्ये किती तरी गावांनी घरीच, दावणीला पूजा केली. आमच्याकडे पुरणपोळी त्या दिवशी गोठ्यातच गेली, बैलांची काही तक्रार नव्हती.

दुधाचं विचाराल तर लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्यावं, एरवीही तसंच प्यावं.

राहिली बरं होण्याची घाई. गाठी बसल्या, बैल चरायला लागला, की लगेच मानेवर जू ठेवलं जातं, ऊसतोडीचा हंगाम तोंडावर असतो. पायाची सूज उतरायच्या आधी ओढ काढली तर बैल कायमचा लंगडा राहतो. खांद्यावरची गाठ फुटली तर जू घासून ती महिनोन्‌महिने भरत नाही. खोल जखमेत माशी बसून अळ्या पडतात. रोज उघडून बघा, कडुनिंबाच्या पाण्यानं धुवा, हळद घातलेलं तेल लावा, अळ्या दिसल्या तर डॉक्टर. वळू बरा दिसला तरी काही आठवडे त्याच्या वीर्यात विषाणू असू शकतो, त्याला गाईवर सोडायचं ते डॉक्टरांना विचारूनच. आमचा एक बैल २०२२ च्या दिवाळीत उभा राहिला होता. जू त्याच्या मानेवर गेलं ते थेट संक्रांतीनंतर.