कार्बोरेटर खोलण्याआधी थांबा: जुन्या गाडीतल्या या चुका टाळा

पन्हाळ्याच्या चढाला जुन्या दुचाकीनं दम टाकला, की घरी येऊन पहिला कार्बोरेटरच (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलायचा ही सवय आधी मोडा. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक चोंदलं तरी गाडी अशीच थोडं अंतर जाऊन बंद पडते. झाकण उघडून परत लावल्यावर लगेच चालू झाली तर दोष तिथंच. मग पेट्रोल पाइप काढून कॉक (टाकीखालची तोटी) सोडा, धार सलग पडली पाहिजे. प्लग, एअर फिल्टर, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघून झाले की मगच कार्बोरेटर.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या बारीक भोकाच्या पितळी नळीत, तार घालणं. गाडी पावसाळाभर उभी, स्लोला, म्हणजे रेस न देता, चालू राहत नाही, चोक ओढला तरच चालते. स्लो जेट चोंदलाय हे निदान बरोबर. पण पुढं क्लच केबलची तार खुपसली जाते. केहिन कंपनीच्या जेटवर 35 आकडा असेल तर भोक 0.35 मिलिमीटरचं. पितळ मऊ, तार पोलादी. भोक 0.40 झालं तर क्षेत्रफळ सुमारे 30 टक्क्यांनी वाढलं. गाडी फटक्यात चालू होते, मालक खूश. मग प्लग काळा पडतो, ॲव्हरेज घसरतं, सिग्नलला पेट्रोलचा वास मारतो. नवा प्लग येतो, मिश्रणाचा (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू फिरतो, रेसबरोबर वरखाली होणाऱ्या नीडलची (सुईची) क्लिप हलते. जेटकडं कुणी बघत नाही. जेट रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये ठेवा, हवा मारा, उजेडाकडं धरा. भोक स्वच्छ गोल दिसलं नाही तर त्याच आकड्याचा नवा टाका. क्लीनर मारण्याआधी रबरी ओ-रिंग काढायच्या, नाहीतर त्या फुगतात.

गाडी उभीच ठेवायची असेल तर बाऊल (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) रिकामा करा. उसाच्या पट्ट्यात राहून पेट्रोलमधल्या इथेनॉलला नावं ठेवू नयेत, पण ते ओल धरतं हे खरंच.

दुसरी खोड, थंड इंजिनवर हा मिश्रणाचा स्क्रू फिरवत बसणं. दहा मिनिटं गाडी चालवून या. स्क्रू हलक्या हातानं आत टेकवा, किती फेरे गेले ते लिहून ठेवा. करकचून आवळला तर टोक मोडतं. मग दीड फेरा बाहेर घेऊन सुरुवात करा. फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवेचा, आत घेतला की मिश्रण दाट होतं. इंजिनच्या बाजूचा पेट्रोलचा, त्याचं उलट. हे न बघता फिरवणाऱ्यांना ‘ट्यूनिंग जमत नाही’ म्हणायचा हक्क नाही.

रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नसेल तर मॅनिफोल्डचं (कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीचं) रबर वाकवून चिरा बघा. फ्लँजचे (जोडाच्या चपट्या कडेचे) बोल्ट जास्त आवळू नका, तोंड वाकतं आणि हवा घेतं.

ओव्हरफ्लो होत असेल, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल ओसंडत असेल, तर कार्बोरेटरवर पान्यानं ठोकत बसू नका. फ्लोट (बाऊलमधला तरंगता भाग) कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. फ्लोटच्या नीडलच्या (पेट्रोल रोखणाऱ्या सुईच्या) टोकाला खाच पडली असेल तर ती बदला. आणि फोर-स्ट्रोक गाडी रात्रभर कॉक चालू ठेवून गळत राहिली असेल तर किक मारण्याआधी ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर आधी ऑइल बदला.