फोकसिंग स्क्रीन साफ करताना या चुका टाळा

जुना एसएलआर (लेन्समधूनच दृश्य दाखवणारा, फिल्मचा) कॅमेरा हाती आला की नवशिक्याचे लक्ष सर्वांत आधी व्ह्यूफाइंडरमधल्या काळ्या ठिपक्यांकडे जाते आणि रोल भरण्याच्याही आधी तो ते पुसायला बसतो. माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या खराब फोकसिंग स्क्रीनपैकी (व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा जिच्यावर उमटते ती पातळ पट्टी) बहुतेक धुळीने नव्हे, तर अशा सफाईने खराब झालेल्या असतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावरून वर वळतो, फोकसिंग स्क्रीनच्या खरखरीत पृष्ठावर प्रतिमा उमटवतो आणि ती प्रतिमा पेंटाप्रिझम या काचेच्या लोलकातून सुलटी होऊन आपल्या डोळ्यापर्यंत येते. बटण दाबताच आरसा वर जातो आणि प्रकाश सरळ फिल्मवर पडतो. स्क्रीन त्या वाटेवर नसतेच. त्यामुळे स्क्रीनवर कितीही धूळ असली तरी तिचा एकही कण निगेटिव्हवर येत नाही. ठिपका नजरेला खुपत असेल तर तो काढावा, पण फोटो खराब होईल या भीतीने काढू नये.

ठिपका कुठे आहे हे न पाहताच सफाईला लागणे ही पहिली चूक. उजळ भिंतीकडे पाहत डोळा थोडा डावी-उजवीकडे सरकवावा. चौकटीच्या तुलनेत ठिपका हलला तर तो आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या काचेवर, आहे, न हलला तर स्क्रीनवर किंवा तिच्या अगदी जवळ. लेन्स काढून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून ब्लोअरने (हाताने दाबायच्या रबरी फुग्याने) दोन-तीनदा हवा मारावी. तरीही तो जागचा हलला नाही तर बहुधा तो स्क्रीनच्या वरच्या बाजूला आहे आणि खालून कितीही घासले तरी जाणार नाही. आडवी काळी रेघ किंवा कडेने पसरलेले काळे डाग दिसत असतील तर बहुधा प्रिझमचा मुलामा उडाला आहे; त्यावर सफाई हा उपाय नाही.

आता फोमविषयी, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होते. वर उसळणारा आरसा ज्यावर टेकतो ती फोमची पट्टी स्क्रीनच्या पुढच्या कडेला लागूनच असते. हा पॉलियुरेथेन फोम वयाने आणि दमट हवेने विरघळतो आणि त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो. तीन वर्षांपूर्वी एक विद्यार्थी काकांचा निकॉन एफएम२ घेऊन माझ्याकडे आला. कॅमेरा कोकणातल्या घरी कपाटात वीस वर्षे पडून होता आणि त्याला व्ह्यूफाइंडरमध्ये दोन ठिपके दिसत होते. त्याने स्पिरिटमध्ये बुडवलेला इअरबड लेन्सच्या तोंडातून आत घातला. बडचे टोक आधी फोमला लागले आणि मग स्क्रीनवर फिरले. दोन ठिपक्यांच्या जागी काळा ओघळ पसरला, म्हणून आणखी स्पिरिट, आणि तेही पुरेना म्हणून बहिणीचे नेलपॉलिश रिमूव्हर वापरले गेले. मी भिंगाखाली पाहिले तेव्हा मधले स्प्लिट इमेजचे वर्तुळ (फोकस चुकला की प्रतिमेचे दोन अर्धे भाग सरकलेले दाखवणारे प्रिझम) दुधाळ झाले होते, भोवतीच्या मायक्रोप्रिझमचे टोकदार कण वितळून गोल झाले होते आणि फ्रेनेलच्या बारीक वर्तुळाकार खाचांत काळा लगदा रुतून बसला होता. स्क्रीन ॲक्रिलिकची असते आणि रिमूव्हरमधला ॲसिटोन ॲक्रिलिक विरघळवतो. तिथून परत फिरता येत नाही. मोडीत निघालेल्या दुसऱ्या बॉडीतली स्क्रीन शोधायला मला दोन महिने लागले. या सफाईच्या आदल्या आठवड्यात त्याच मुलाने त्या कॅमेऱ्यातून एक रोल काढला होता आणि धुऊन आलेल्या त्या रोलच्या छत्तीसही निगेटिव्ह स्वच्छ होत्या.

म्हणून फोम बोटाला किंचितही चिकटत असेल तर आधी तो काढून नवा लावावा. स्क्रीनचा विचार त्यानंतर. हे काम करताना मी आरशावर आणि स्क्रीनवर कागदाचा तुकडा झाकतो, फोम बांबूच्या चपट्या काडीने खरवडतो आणि कॅमेऱ्याचे तोंड सतत खाली ठेवतो, म्हणजे सुटलेले कण आत न जाता बाहेर पडतात. या कामाला मला तासभर लागतो. दहा मिनिटांत उरकण्याची युक्ती मला अनेकांनी विचारली आहे. तशी युक्ती नाही आणि असती तरी मी सांगितली नसती.

स्क्रीन काढता येत असेल, जशी एफएम२ किंवा ऑलिंपस ओएम-१ मध्ये येते, तर ती चिमट्याने फक्त कडेच्या कानाला धरून काढावी. ब्लोअरने भागत असेल तर तिथेच थांबावे. बोटाचा तेलकट ठसा असेल तरच, आणि स्क्रीन एकाच अखंड तुकड्याची असेल तरच, मी कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकून ती दहा मिनिटे बुडवून ठेवतो, मग डिस्टिल्ड पाण्यातून काढतो आणि झाकणाखाली उभी करून वाळू देतो. पुसत नाही, मऊ कापडानेही नाही.

दुसरी मोठी चूक परत बसवताना होते. स्क्रीन उलटी बसली किंवा तिच्याबरोबरची पातळ शिम (उंची जुळवणारी पट्टी) हरवली तर व्ह्यूफाइंडर पूर्वीसारखाच दिसतो आणि फोकस मात्र चुकतो, कारण स्क्रीन आणि फिल्म लेन्सपासून सारख्याच अंतरावर असावी लागते. ५० मिलिमीटरची लेन्स अनंतापासून अडीच मीटरपर्यंत येताना जेमतेम १ मिलिमीटर पुढे सरकते. म्हणजे ०.१ मिलिमीटरची एक शिम गेली तरी अडीच मीटरवरच्या माणसाचा फोकस वीतभर सरकतो. डोळ्यांवर साधलेला फोकस कानांच्याही मागे जातो, आणि हे कळते रोल धुऊन आल्यावर. काही वर्षांपूर्वी एकाने अशी शिम वेष्टणाचा तुकडा समजून केरात टाकली आणि भावाच्या मुंजीचे दोन रोल त्यात गेले. काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो घ्यावा, कोणती बाजू वर होती ते लिहून ठेवावे आणि निघालेला प्रत्येक तुकडा पांढऱ्या बशीत त्याच क्रमाने मांडावा.

बाकीच्या चुका थोडक्यात. आरशाला हात लावू नये, त्याचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे शिंतोडे वाळून डाग पडतात. डब्यातली दाबाची हवा वापरू नये, तिच्यातून थंड द्रव उडतो. मंद, म्हणजे कमी प्रकाश आत घेणारी, लेन्स लावल्यावर, साधारण एफ/५.६ पासून पुढे, स्प्लिट इमेजचे अर्धे वर्तुळ काळे पडते. ती घाण नव्हे, स्प्लिट इमेजच्या प्रिझमचा स्वभावच तसा असतो. आणि पेंटॅक्स के१००० सारख्या कॅमेऱ्यात स्क्रीन सहज निघण्यासाठी केलेलीच नाही, तिथे ब्लोअरच्या पुढे जाऊ नये.

स्क्रीन परत बसवल्यावर मी रोल भरण्याआधी मागचे दार उघडतो आणि फिल्म ज्या आतल्या पट्ट्यांवर टेकते त्यांवर धुरकट सेलोटेप ताणून लावतो. शटरच्या पडद्याला बोट लागू नये म्हणून सावकाश. कॅमेरा तिपाईवर ठेवून, व्ह्यूफाइंडरमधून दूरच्या टॉवरवर फोकस साधतो, लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून शटर बी वर (बटण दाबून धरेपर्यंत उघडे राहणाऱ्या स्थितीवर) उघडे धरतो आणि टेपवरची प्रतिमा भिंगातून पाहतो. टॉवरच्या जाळीच्या पट्ट्या टेपवरही तितक्याच रेखीव दिसल्या तरच कॅमेरा त्याच्या मालकाच्या हाती देतो.